जुनी शिकारी रायफल शोधताना : परवाना, लोखंड आणि अक्रोडाचा दस्ता

जुन्या रायफलीच्या नादी लागणारा माणूस बहुतेक वेळा लाकडावर भाळलेला असतो. तेल मुरून मधाच्या रंगावर गेलेला, आत काळपट रेषांची नागमोड असलेला अक्रोडाचा दस्ता एकदा हातात आला की नळीवर काय कोरले आहे, परवाना कोणता लागेल आणि काडतूस मिळेल की नाही हे प्रश्न मागे पडतात. माझेही तसेच झाले होते. कल्याणच्या एका ओळखीच्या घरात पाहिलेल्या रायफलीसाठी मी शब्द देऊन बसलो आणि नंतर कळले की ती .३०३ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप) आहे, म्हणजे माझ्यासारख्याला ती सामान्य परवान्यावर घेताच येणार नाही. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो आणि नवख्यालाही तोच सांगतो : आधी परवाना, मग बोअर, मग नळी व यंत्रणा आणि सर्वांत शेवटी दस्ता. मन नेमके याच्या उलट्या दिशेने धावते, म्हणून हा क्रम कागदावर लिहून खिशात ठेवला तरी हरकत नाही.

‘शिकारी रायफल’ हे आता केवळ घडणीचे नाव उरले आहे, हेही सुरुवातीलाच स्पष्ट असावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार संपली. येऊरच्या डोंगरात बिबट्या आहे, मुरबाड-शहापूरच्या रानात डुकरे आहेत, पण त्यांचा रायफलीच्या खरेदीशी काहीही संबंध नाही आणि परवान्याच्या अर्जात ‘शिकार’ असे कारण लिहिणे म्हणजे अर्ज स्वतःच्या हाताने बाद करणे होय. अशी रायफल घेण्याची सयुक्तिक कारणे दोनच उरतात : नेमबाजीचा सराव, किंवा घराण्यातून आलेले शस्त्र रीतसर आपल्या नावावर करून घेणे.

परवाना कोणाकडे मागायचा

ठाणे परिसरात पहिला घोटाळा हद्दीवरून होतो. ठाणे शहर, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, तर मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी परवाना देतात. ऐरोली महसुलाच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यात आहे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात, तरीही शस्त्र परवान्यासाठी दोन्हीकडच्या रहिवाशांना सीबीडी बेलापूरच्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडेच जावे लागते. आधार कार्डावर जुना पत्ता असलेला माणूस चुकीच्या कार्यालयात महिनाभर खेटे घालतो, असे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. तेव्हा राहता पत्ता सर्व कागदांवर एकच करून घेणे, हे पहिले काम.

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हे या विषयाचे मूळ आधार आहेत. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज ए-१ या नमुन्यात करावा लागतो, त्यासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पुढे पोलीस पडताळणी होते आणि परवाना मंजूर झाल्यास राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीतील एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. वडिलांची बारा बोअरची बंदूक आधीच आपल्या नावावर असेल तर ती या दोनांत धरली जाते, ही गोष्ट वारसाहक्काने शस्त्र मिळालेले लोक हमखास विसरतात. नेमबाजी खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. ज्याला त्या लागू होतात त्याला त्याच्या क्लबातच त्या सांगितल्या जातात.

नवख्याच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत उपयोगाचे कलम १३ आहे. सर्वसाधारण रायफलीसाठी अर्जदाराकडे पुरेसे सबळ कारण आहे, असे परवाना अधिकाऱ्याला पटावे लागते आणि शहरात राहणाऱ्याला ते पटवणे सोपे नसते. मात्र केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबाच्या अथवा संघटनेच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल हवी असेल, तर त्या मागणीची दखल या कलमात स्वतंत्रपणे घेतलेली आहे. म्हणून माझा सल्ला असा की रायफल शोधण्याआधी क्लब शोधावा, तेथे काही महिने नियमित सराव करावा, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवावे आणि पहिली जुनी रायफल .२२ चीच घ्यावी. वाघाच्या शिकारीसाठी घडवलेल्या थोर रायफलींची स्वप्ने पाहणाऱ्याला हा सल्ला पचत नाही, पण .२२ मध्येही दस्त्याचे लाकूड तितकेच देखणे मिळते, काडतूस स्वस्त असते, आणि रेंजवर तासभर घालवल्यावर खांदा दुखत नाही.

बोअर : सौंदर्याच्या आधीची अट

.३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची सैनिकी काडतुसे ज्या रायफलीत बसून उडू शकतात, त्या रायफली निषिद्ध बोअरच्या वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना स्थानिक पातळीवर मिळत नाही. नेमक्या याच जागी जुन्या वस्तूंचा शौकीन फसतो, कारण ब्रिटिश काळात सैन्यातल्या ली-एन्फिल्ड रायफलीच्या यंत्रणेवर बांधलेल्या अनेक सुबक शिकारी रायफली .३०३ च्या होत्या. दस्ता कितीही नजाकतीचा असला तरी नळीवरचा आकडा पाहून हात मागे घ्यावा.

बोअरच्या या निर्बंधांना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आणली, कारण त्या मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील अशी भीती होती. त्यामुळे इंग्लंडमधील बंदूककारांनी हिंदुस्थानातील गिऱ्हाइकांसाठी .४६५ आणि .४७० सारखी नवी मापे काढली. आपल्याकडे आजही सर्रास दिसणारे .३१५ बोअरही मूळचे ऑस्ट्रियातील ८ मिलिमीटर मॅन्लिखर काडतुसाच्या कुळातले, ते सरकारी .३०३ पेक्षा वेगळे असल्यामुळेच नागरिकांच्या हाती राहू शकले आणि पुढे इशापूरच्या कारखान्यात त्याच बोअरच्या रायफली बनू लागल्या.

इतिहासाचे हे आकर्षण समजण्यासारखे आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल प्रसिद्धच आहे, आणि हॉलंड अँड हॉलंडचे १९१२ मधील .३७५ मॅग्नम काडतूस आजही जगभर वापरात आहे. परंतु अशा बोअरची रायफल ठाण्यात घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : हिची काडतुसे मला वर्षभर कोठून मिळतील? देशी कारखान्यांत बनणाऱ्या मापांच्या बाहेरचे काडतूस मिळवणे जिकिरीचे आणि महागाचे ठरते. काडतुसाविना रायफल म्हणजे परवान्यातील दोन जागांपैकी एक अडवून बसलेले लाकूड आणि लोखंड, एवढेच.

शोध कोठे घ्यावा

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे देशात फिरणाऱ्या जुन्या विलायती, जर्मन व चेक रायफली त्याच त्या आहेत. त्या फक्त एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जातात. शोध घ्यायचा तो या हस्तांतराच्या वाटांवर.

परवानाधारक शस्त्रविक्रेता ही पहिली आणि सर्वांत निर्धोक वाट आहे. विक्रेत्यांकडे नव्या मालापेक्षा अनामत ठेवलेली शस्त्रे पाहण्यासारखी असतात. परवानाधारकाचे निधन होते, मुले परदेशात किंवा पुण्या-बंगळुरूत असतात, कुणालाही परवाना नको असतो, आणि रायफल विक्रेत्याच्या कोठीत वर्षानुवर्षे पडून राहते. दुकानात जाऊन ‘चांगली जुनी रायफल आहे का’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘.२२ ची, लाकडी दस्त्याची, वारसांनी विकायला ठेवलेली काही आहे का’ असे विचारावे आणि आपला परवाना किंवा मंजुरीचा कागद आधी दाखवावा. त्यानंतर बोलण्याचा सूरच बदलतो. दुसरी वाट म्हणजे रेंज. वरळीला किंवा बालेवाडीला नियमित जाणाऱ्या वयस्क नेमबाजांना कुणाकडे काय आहे आणि कोण विकण्याच्या विचारात आहे, याची जी माहिती असते ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. दोन-तीन शनिवार त्यांच्याबरोबर चहा घेतल्याशिवाय मात्र ती बाहेर येत नाही.

तिसरी वाट थेट मालकाची. खासगी मालकाने परवानाधारकालाच शस्त्र विकावे, आणि तेही जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस उलटल्यावर, असे शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये म्हटले आहे. विकणारा दुसऱ्या हद्दीतला असेल तर तेथील परवाना अधिकाऱ्याचे ना-हरकत पत्र लागते. या काळात ‘घरी नेऊन चार दिवस पाहा’ असे मालक प्रेमाने म्हणाला तरी रायफल उचलू नये, कारण परवान्यावर नोंद नसलेले शस्त्र ताब्यात असणे हाच गुन्हा आहे, मग तो ताबा एका रात्रीचा का असेना. समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकून ‘कागदांची गरज नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तरसुद्धा देऊ नये.

भंगारवाले आणि जुन्या बाजारातले व्यापारी ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ असे सांगतात. कायद्यात सूट आहे ती कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडकळीस आलेल्या अशा शस्त्राला, जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही. शंभर वर्षांची जुनी जर्मन मॉझर रायफल दुरुस्तीने चालू होत असेल तर तिचे वय तिला वाचवत नाही.

हातात घेतल्यावर काय पाहावे

पाहणी दिवसाउजेडी करावी. बरोबर लहान टॉर्च, भिंग, मोजपट्टी, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि मऊ फडके असावे. विक्रेता ‘रिकामी आहे’ म्हणाला तरी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, स्वतः उघडून काडतुसाचे घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. अनुभवी माणूस याचा राग धरत नाही, उलट असे न करणाऱ्याकडेच तो संशयाने पाहतो.

सर्वप्रथम क्रमांक. नळीवरचा आणि यंत्रणेवरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील नोंदीशी अक्षरशः जुळला पाहिजे. मॉझर पद्धतीच्या रायफलीत बोल्टवरही क्रमांक असतो; तो वेगळा निघाल्यास बोल्ट बदललेला आहे असे समजावे आणि जाणकार कारागिराकडून काडतूस नीट बसते की नाही याची मोजणी करून घेतल्याशिवाय ती रायफल चालवू नये. क्रमांक अस्पष्ट किंवा घासलेला असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण ओळखचिन्हे पुसणे वा बदलणे कलम ८ खाली निषिद्ध आहे. त्यानंतर नळीच्या मुळाशी चाचणीगृहाचे, म्हणजे नळी स्फोटाचा दाब सोसते की नाही हे तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के शोधावेत. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे आहे. तेथल्या १९५४ नंतरच्या शिक्क्यांत मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरे असतात. जुन्या जर्मन नळ्यांवर मुकुटाखाली एन दिसतो, तर बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का लंबगोलात ईएलजी असा असतो. विक्रेता ‘अस्सल इंग्लिश’ म्हणत असेल आणि नळीवर लिएजचा शिक्का असेल, तर निदान त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळते.

नळी पाहताना उघड्या बोल्टच्या जागी पांढरा कागद धरून तोंडाकडून आत पाहावे. नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या कडा धारदार आणि चकचकीत दिसाव्यात. जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटचे क्षार नळीत राहत आणि हवेतील ओल ओढून घेत. गरम पाण्याने नळी धुण्याची शिस्त ज्याने पाळली नाही त्याच्या रायफलीत आज देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. ठाण्याच्या खाडीकाठी किंवा उरण-पनवेलच्या खाऱ्या हवेत चाळीस पावसाळे काढलेली रायफल असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. थोडी काळवंडलेली नळी सरावाला चालते, खोल खड्डे पडलेली नाही.

आता दस्ता, ज्यासाठी हा सारा खटाटोप. उत्तम दस्त्यांसाठी वापरला जाणारा अक्रोड, मग त्याला फ्रेंच म्हणा, सर्केशियन म्हणा की काश्मिरी, वनस्पतिशास्त्रात एकच आहे. अमेरिकेचा काळा अक्रोड मात्र वेगळ्या जातीचा. अक्रोड हलका असतो, धक्का सोसतो, कोरीव काम धरून ठेवतो आणि सुकल्यावर फारसा हलत नाही, म्हणूनच बंदूककारांनी तो निवडला. मुळाजवळच्या किंवा फांदी फुटण्याच्या जागच्या लाकडात ज्वाळांसारखी, पिसासारखी किंवा आडव्या लहरींची नक्षी येते. ही नक्षी खांद्याकडच्या रुंद भागात असावी. मनगटाच्या भागात, म्हणजे मुठीने धरतो त्या निमुळत्या जागी, रेषा सरळ आणि लांबीच्या दिशेने धावणाऱ्याच हव्यात. मनगटातच वेडीवाकडी नक्षी असलेला दस्ता दिसायला बहारीचा, पण तो तेथेच तडकतो. याच जागी भिंग लावून केसाएवढी रेघ शोधावी, विशेषतः यंत्रणेच्या मागील पट्टीच्या लगत. दोन्ही हातांनी हलका पीळ दिल्यावर रेघ उघडते की नाही तेही पाहावे.

यंत्रणेच्या मागचे लाकूड काळे आणि नखाने दबेल इतके मऊ असेल तर तेथे वर्षानुवर्षे तेल झिरपलेले आहे. रायफल तोंड वर करून ठेवली की नळीतले जादा तेल खाली उतरते आणि लाकडात मुरते. हा दोष काही प्रमाणात सुधारता येतो. वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेले लाकूड सुधारत नाही, म्हणून खांद्याकडची पट्टी, मालकाच्या परवानगीने, काढून आतले लाकूड पाहावे. तेथे पॉलिश पोहोचलेले नसते, त्यामुळे लाकूड खरे बोलते : अक्रोडात तपकिरी रंग आणि उघडी छिद्रे दिसतात, तर रंगवून अक्रोड म्हणून खपवलेल्या बीच नावाच्या लाकडामध्ये बारीक चकाकत्या ठिपक्यांच्या रेघा दिसतात. बीच वाईट नसतो, अनेक कारखानदारी रायफलींना तोच आहे, फक्त त्याला अक्रोडाचा भाव देऊ नये.

दस्ता पुन्हा घासला आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मूळ कारागीर लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवतो. बोट फिरवताना लाकडावरून धातूवर उतरल्यासारखे वाटले पाहिजे. धातूची कडच उंच लागत असेल तर कुणीतरी पॉलिश कागदाने लाकूड खाल्ले आहे. मुठीवरच्या जाळीदार कोरीव कामाची टोके सपाट झाली असतील तर तोच निष्कर्ष. दस्त्याची लांबी चापापासून खांद्यापर्यंत साधारण साडेतेरा ते सव्वाचौदा इंच असते. बरीच कमी भरल्यास दस्ता कुणासाठी तरी कापलेला आहे आणि किंमत त्या मानाने उतरली पाहिजे. वापराचे ओरखडे, दाबाचे खड्डे, जुन्या मालकाची चांदीच्या टिकलीवरची आद्याक्षरे यांना मी दोष मानत नाही. माझ्या मते गुळगुळीत, नव्यासारखा चमकणारा जुना दस्ता हीच खरी काळजीची बाब आहे.

माझी पसंती विचाराल तर नवख्याने इंग्लंडच्या बीएसए कंपनीची मार्टिनी यंत्रणेची (बोल्टऐवजी खाली झुकणारा ठोकळा असलेली) .२२ किंवा दुसऱ्या महायुद्धानंतरची चेक ब्रनो .२२ पाहावी. पहिलीचा दस्ता दोन तुकड्यांत असतो, त्यामुळे मनगटाचे दुखणे वेगळ्या जागी शोधावे लागते. दुसरीचा बोल्ट इतका लोण्यासारखा चालतो की लाकूड साधे असले तरी माणूस तिच्यावर खूश राहतो. परवान्याच्या भानगडीत पडायचेच नसेल, तर ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची जुनी एअर रायफल परवान्याविना घेता येते. त्यातही अस्सल लाकडी दस्ते मिळतात.

घरी आणल्यावर

खरेदी होताच विक्रेत्याचे बिल घ्यावे, परवान्यावर नोंद करून घ्यावी आणि मुदतीत रायफल परवाना अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करावी. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. नळी कापून लहान करणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे.

दस्ता फर्निचरवाल्याकडे पॉलिशला देऊ नये. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले कारागीर टीकवुडच्या पलंगावर जादू करतात, पण लाखेचे किंवा पॉलीयुरेथेनचे पॉलिश तेलावर पोसलेल्या जुन्या अक्रोडावर चढले की त्याचा जीव गुदमरतो. वर्षातून एक-दोनदा शिजवलेल्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळावे आणि उरलेले पुसून टाकावे. जाळीदार भागात तेल साचू देऊ नये. तेलाची फडकी कधीही चुरगाळून टोपलीत टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावीत. रायफल चामड्याच्या खोळीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, तोंड किंचित खाली करून ती ठेवावी आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला फडके फिरवावे.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. एका निवडणुकीनंतर माझी रायफल परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचा अंगठ्याएवढा डाग आणि दस्त्यावर नवा ओरखडा होता, आणि जमा करताना घेतलेल्या पावतीत फक्त ‘एक रायफल’ एवढेच लिहिलेले होते. तेव्हापासून मी जमा करण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतो, नळीला जाड तेलाचा हात देतो, दस्ता सुती कापडात गुंडाळतो आणि पावतीवर क्रमांकासोबत ‘लाकडी दस्ता, सुस्थितीत’ हे तीन शब्द लिहून घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलत नाही.